गाळणी उचलण्याआधी

अनेक आशीर्वाद.

मोठ्या डीएनए विषाणूंवर काम करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. तुझा ओढा वंशवृक्षांकडे आहे हे दिसतंच, पण वृक्षाचा निम्मा खरेखोटेपणा नमुना हाताळतानाच ठरतो.

विषाणू म्हटला की हात ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरकडे जातो आणि तिथेच घात होतो. मिमीव्हायरस या अमीबात वाढणाऱ्या महाकाय विषाणूचं कवच सुमारे ०.५ मायक्रॉनचं, वरचे तंतू धरले तर ०.७५, दुसरा महाकाय पिथोव्हायरस तर १.५ मायक्रॉन लांब, रुंदीला मात्र बराच कमी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरमधून १९९२ साली हाती आलेला मिमीव्हायरस २००३ पर्यंत जिवाणूच समजला जात होता. तेव्हा १.२ मायक्रॉनचा फिल्टर वापर, नाहीतर गाळूच नकोस. जिवाणू-बुरशीचा बंदोबस्त अँटिबायोटिक आणि अँटिफंगलवर सोपव.

हे विषाणू वाढवायला अकँथामीबा हा एकपेशी अमीबा जोमात वाढत असतानाच घे, धुऊन उपासाच्या माध्यमात ठेव. पौष्टिक माध्यमात नमुन्यातले जिवाणू बघता बघता माजतात. ३० अंश सेल्सिअसला ठेवून तीन ते पाच दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघ. पेशी गोल झाल्या, तळ सोडून तरंगू लागल्या, की लगेच हुरळून जाऊ नकोस. औषधाची मात्रा जास्त झाली तरी त्या गोल होतात, आणि उपाशी अमीबा सिस्ट, म्हणजे जाड भिंतीचं सुप्त रूप, करतो; सिस्टची दुहेरी, सुरकुतलेली भिंत एकदा नीट बघून ठेव. म्हणून तीच औषधं घातलेली, पण नमुना नसलेली एक विहीर, म्हणजे प्लेटवरचा खळगा, प्रत्येक प्लेटवर हवीच. काहीच दिसलं नाही तरी आणखी दोन-तीन पॅसेज दे, म्हणजे तोच द्रव पुन्हा ताज्या अमीबांवर घाल.

पेशी फुटल्या म्हणजे विषाणू सापडला, असंही नाही. लीजनेला हा जिवाणूही अमीबा फोडतो. जिवाणूंचं जनुक शोधणारी १६एस पीसीआर कर आणि डीएनएला चिकटून चमकणाऱ्या डीएपीआयने रंगवून बघ: मिमीव्हायरसचा कारखाना, म्हणजे नवे विषाणू बनण्याची जागा, केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात वेगळा चमकतो. पँडोराव्हायरसमध्ये मात्र केंद्रकच विस्कटतं, तिथे हे चित्र शोधत बसू नकोस.

सिक्वेन्सिंगआधी, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याआधी, विषाणू जेमतेम उरेल इतक्या शेवटच्या पातळीपर्यंत विरलन करून क्लोन, म्हणजे एकाच विषाणूची संतती, वेगळा कर, तोही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नाहीतर दोन जवळच्या विषाणूंचा मिळून एक खोटा जीनोम तयार होतो. असेंब्लीत, म्हणजे वाचलेले तुकडे जोडताना, साधारण १८ हजार बेसजोड्यांचा वर्तुळाकार तुकडा आला तर कचरा म्हणून फेकू नकोस. २००८ साली सापडलेला स्पुटनिक हा विषाणूभक्षक, म्हणजे मोठ्या विषाणूवर जगणारा छोटा विषाणू, एवढाच आहे.

आता वृक्ष. २००४ मध्ये मिमीव्हायरसच्या सुमारे १२ लाख बेसजोड्यांच्या जीनोममध्ये प्रथिनं बनवणाऱ्या भाषांतर-यंत्रणेची जनुकं दिसली आणि जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत केंद्रक असलेले) यांच्यापलीकडच्या, सजीवांच्या चौथ्या शाखेची कल्पना जोर धरू लागली. पुढे नमुने वाढले तशी यातली बरीच जनुकं वेगवेगळ्या दृश्यकेंद्रकी गटांत जाऊन बसली. ती वेळोवेळी यजमानांकडून उचललेली असावीत, हेच मला जास्त पटतं. बी-कुटुंबातलं डीएनए पॉलिमरेज, मुख्य कवच प्रथिन आणि पॅकेजिंग एटीपेज या तीन प्रथिनांचे वृक्ष आधी सुटे काढ. ते एकमेकांशी जुळत असतील तरच त्यांच्या अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवलेले क्रम, जोड. लांब फांद्या एकत्र आल्या, की लगेच खरं नातं न मानता अमिनो आम्लांचं प्रमाण तपास, आणि क्रमातल्या जागेनुसार बदलणारं उत्क्रांतीचं मॉडेल लावून बघ.

पहिला वृक्ष पाठवशील तेव्हा सोबत अलाइनमेंटही पाठव, मी आधी तेच उघडेन.