साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी घटस्फोटानंतर विकताना

नाशिकच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१६ साली पुण्यात झालेल्या साखरपुड्यात त्यांच्या बोटात अठरा कॅरेट सोन्याची, एका हिऱ्याची अंगठी घालण्यात आली. अंगठी नवीच घेतली होती. पैसे सासऱ्यांनी दिले, पावती त्यांच्या नावावर झाली आणि हिऱ्याच्या प्रमाणपत्रासह ती सासूबाईंच्या कपाटात राहिली. दीड वर्षापूर्वी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून परस्परसंमतीने घटस्फोट झाला. आता मुलीच्या शिक्षणासाठी ही अंगठी विकण्याचा त्यांचा विचार आहे. ओळखीच्या सराफाने दोन लाख दहा हजार रुपये सांगितले असून, घेतली तेव्हा ती तीन लाख साठ हजारांची होती. ही बातमी कानावर जाताच सध्या अमेरिकेत असलेल्या माजी पतींनी व्हॉट्सॲपवर कळवले की, अंगठी आमच्या घराण्याची आहे, इकडच्या कायद्यानेसुद्धा ती परत करावी लागते, तेव्हा अंगठी तरी द्या किंवा निम्मी रक्कम तरी द्या, नाहीतर चोरीची तक्रार करू. अंगठी विकता येईल का, निम्मे पैसे द्यावे लागतील का आणि पावती हाती नसताना विक्री कशी करायची, असे या भगिनींनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की, अंगठी आपलीच आहे, ती विकण्याचा अधिकार आपला आहे आणि येणाऱ्या रकमेत माजी पतींचा किंवा त्यांच्या आईवडिलांचा वाटा नाही. मात्र सराफाच्या पेढीची पायरी चढण्यापूर्वी घटस्फोटाच्या हुकुमासोबतच्या संमतीच्या अटी पुन्हा वाचाव्यात आणि त्या निरोपाला एक लेखी उत्तर पाठवावे, असा माझा आग्रह राहील.

आधी मालकीचे पाहू. पैसे ज्याने दिले त्याची वस्तू, अशी समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की, घटस्फोटाच्या वाटाघाटींत सुशिक्षित कुटुंबेही सासरच्या पावत्यांची चळत घेऊन बसतात. पावतीवरून एवढेच कळते की वस्तू विकत कोणी घेतली. पुढे ती कोणाला देऊन टाकली, हे पावती सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे दान ती वस्तू हाती सोपवल्यानेही पूर्ण होते, त्यासाठी दस्त नोंदवावा लागत नाही. आणि कलम १२६ प्रमाणे एकदा पूर्ण झालेले दान, देताना दोघांनी तशी अट मान्य केलेली नसेल तर, देणाऱ्याला मनास येईल तेव्हा परत घेता येत नाही. साखरपुड्यात चार नातेवाइकांसमोर आपल्या बोटात अंगठी घातली गेली आणि आपण ती स्वीकारली, त्याच वेळी ते दान पूर्ण झाले. त्यापुढे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम १४ येते. त्यानुसार हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते, आणि विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी किंवा विवाहानंतर, नातेवाइकाकडून किंवा अन्य कोणाकडूनही मिळालेली भेट या मालमत्तेत येते, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. सासऱ्यांनी पैसे दिले, एवढ्या कारणाने यात काही बदल होत नाही.

स्त्रीधनाबाबत, म्हणजे स्त्रीला मिळालेल्या अशा भेटींबाबत, सर्वोच्च न्यायालयाची भूमिका गेली चार दशके स्थिर आहे. १९८५ च्या प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या निकालात न्यायालयाने म्हटले की, स्त्रीधनाची एकमेव मालक पत्नी असते, सासरी पाऊल टाकल्याने ते पतीबरोबर सामाईक होत नाही, आणि ते पतीच्या ताब्यात असले तर तो केवळ विश्वस्ताच्या नात्याने ते सांभाळत असतो. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात, लग्नात मिळालेले दागिने पतीने व त्याच्या आईने आपल्या गरजांसाठी वापरून टाकले होते. तेव्हाही न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले आणि पत्नीला पंचवीस लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हे निकाल सासरी अडकलेले दागिने परत मागणाऱ्या स्त्रियांचे आहेत. आपली स्थिती त्यांच्यापेक्षा बळकट आहे, कारण वस्तू आपल्याच हाती आहे.

माजी पतींच्या म्हणण्यात ‘घराण्याची’ हा शब्द आला आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. वडिलोपार्जित दागिना नव्या सुनेला समारंभापुरता अंगावर घालायला देणे आणि तो तिला कायमचा देऊन टाकणे, यांत कायदा फरक करतो. सासूबाईंनी आपल्या पाटल्या लग्नाच्या दिवशी घालायला दिल्या आणि दुसऱ्या दिवशी काढून पेटीत ठेवल्या, तर त्या सुनेच्या होत नाहीत. पण आपली अंगठी साखरपुड्यासाठी नवी घेतलेली होती, आपल्याच बोटाच्या मापाची होती आणि इतकी वर्षे ती आपण वापरली. तेव्हा ती केवळ वापरायला दिली होती हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर राहील. याबाबत एक कागद आपल्याला फार उपयोगी पडू शकतो. लग्न ठरताना आपल्याकडे याद्या होतात आणि त्या कागदावर वरपक्षाने वधूच्या अंगावर काय घालायचे ते लिहून दोन्हीकडची वडीलधारी माणसे सही करतात. तो कागद आपल्या आईवडिलांकडे असेल तर शोधावा. त्यात अंगठीचा उल्लेख असेल, तर ती आपल्याला दिल्याचा तो समकालीन पुरावा ठरतो. कागद नसला तरी साखरपुड्याची छायाचित्रे, चित्रफीत आणि हजर असलेल्या दोन-तीन माणसांची नावे पुरेशी ठरू शकतात.

अमेरिकेतल्या कायद्याचा दाखला इथे गैरलागू आहे. अंगठी पुण्यात दिली गेली, विवाह हिंदू विवाह अधिनियमाखाली झाला आणि घटस्फोटही इथल्याच न्यायालयाने दिला. शिवाय त्या कायद्याविषयीची त्यांची समजूतही अपुरी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वाङ्‌निश्चयाची अंगठी विवाह होण्याच्या अटीवर दिलेली भेट मानली जाते, त्यामुळे ठरलेले लग्न विवाहापूर्वीच मोडले तर ती परत करण्याचा प्रश्न येतो. विवाह झाला की ती अट पूर्ण होते.

आता संमतीच्या अटींकडे वळू, कारण आपल्या बाजूला धोका असलाच तर तो इथे आहे. न्यायालयातून हुकुमाची प्रमाणित प्रत काढावी आणि दागिन्यांविषयीचा परिच्छेद शब्दशः वाचावा. दोन्ही पक्षांना आपापल्या चीजवस्तू मिळाल्या असून यापुढे एकमेकांविरुद्ध कोणताही दावा राहिला नाही, अशा अर्थाचे वाक्य असेल तर माजी पतींची मागणी तिथेच संपते. तो हुकूम जसा आपल्यावर तसा त्यांच्यावरही बंधनकारक आहे, आणि कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९(२) प्रमाणे संमतीने झालेल्या हुकुमावर अपीलही होत नाही. विवाहाच्या सुमारास मिळालेल्या आणि पतिपत्नींच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबाबत हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २७ खाली न्यायालय निर्णय देऊ शकते, पण ती व्यवस्था हुकुमातच करायची असते, आणि एकट्या पत्नीने बोटात घालायची अंगठी सामाईक वस्तू म्हणवून घेणे तेव्हाही कठीणच गेले असते. याउलट, पत्नीने सासरकडचे दागिने परत करावेत अशी अट असेल आणि सोबतच्या परिशिष्टात ही अंगठी लिहिलेली असेल, तर माझे वरचे सगळे विवेचन बाजूला ठेवावे लागेल. स्वतः सही करून मान्य केलेली अट स्त्रीधनाच्या तत्त्वाने पुसली जात नाही, आणि तशा स्थितीत अंगठी विकणे म्हणजे न्यायालयाच्या हुकुमाचा भंग करणे होय. परिशिष्टात अन्य दागिने असून अंगठी नसेल, तर ती वगळली गेली हेच आपल्या बाजूने बोलते.

पोलिसांच्या धमकीने घाबरून जाऊ नये. चोरी होण्यासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ ची व्याख्या तशीच आहे. आपल्याला सर्वांदेखत दिलेली वस्तू या व्याख्येत बसत नाही. कलम ३१६ खालच्या फौजदारीपात्र न्यासभंगासाठीही, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू बळकावण्याच्या गुन्ह्यासाठीही, वस्तू सांभाळण्यास सोपवली होती हे आधी दाखवावे लागेल. तरीही तक्रार झालीच आणि पोलीस ठाण्यातून बोलावणे आले, तर वकिलाला बरोबर घेऊन जावे, लेखी म्हणणे द्यावे, हुकुमाची व छायाचित्रांची प्रत द्यावी. अंगठी मात्र तोंडी सांगण्यावरून कोणाच्या हाती देऊ नये.

व्हॉट्सॲपवर वाद घालत बसण्याचा मोह आवरावा. आलेले निरोप पुसू नयेत, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे योग्य प्रमाणपत्र जोडल्यास ते न्यायालयात पुरावा म्हणून चालतात. वकिलामार्फत एकच उत्तर पाठवावे : अंगठी माझे स्त्रीधन आहे, हुकुमातील अमुक परिच्छेदाने आपले सर्व दावे संपले आहेत, मी ती विकणार आहे. ते मनाई हुकूम मागतील अशी शंका वाटत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे आधी ऐकावे अशी न्यायालयाला पूर्वसूचना, दाखल करावे. ते नव्वद दिवस टिकते आणि त्या मुदतीत आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश होण्याची भीती राहत नाही. माजी पतींसाठी कौटुंबिक न्यायालयात आणि सासूसासरे स्वतंत्र दावा लावतील म्हणून दिवाणी न्यायालयात, अशी दोन कॅव्हेट लावणे शहाणपणाचे.

निम्मी रक्कम देऊन विषय मिटवावा, असे आपल्या घरची मंडळी सांगतील. मी त्याच्या स्पष्ट विरोधात आहे. मालकी आपली असताना वाटा देणे म्हणजे त्यांचा हिस्सा आपणच मान्य करण्यासारखे आहे, आणि मग उरलेल्या दागिन्यांबद्दलही हीच मागणी येते. सासूबाईंचा जीव खरोखरच त्या अंगठीत गुंतला असेल, तर वेगळा आणि माणुसकीचा मार्ग आहे. सराफाने लेखी दिलेल्या किमतीला अंगठी प्रथम त्यांनाच विकत देऊ करावी, पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि आपल्या हक्काला बाध न आणता हा देकार दिला आहे, असे त्यात लिहावे. तसे करण्याचे बंधन मात्र आपल्यावर नाही.

पावती नसणे ही अडचण आहे, अडथळा नव्हे. पावतीच्या नकलेसाठी मूळ पेढी खरेदीदाराचीच संमती मागेल, म्हणून तिथे वेळ घालवू नये. हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचे प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याचा क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. भिंगातून तो वाचता येतो आणि संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक नसेल तर मुंबईतल्या प्रयोगशाळेकडून नवे प्रमाणपत्र घ्यावे. या किमतीच्या नगासाठी तो खर्च योग्यच आहे, कारण प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे बाजारात आल्यापासून, खाणीतला हिरा असल्याची खात्री पटल्याशिवाय कोणताही सराफ पुरता भाव देत नाही. अंगठी माझी आहे, तिच्यावर कर्ज नाही, असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि हुकुमाची प्रत सोबत ठेवावी. माजी पतींचा आक्षेप आलेला असल्याने त्यात ‘वाद नाही’ असे मात्र लिहू नये, आक्षेप आला होता व त्याला उत्तर दिले आहे, असे खरे तेच लिहावे. खोट्या प्रतिज्ञापत्राने चांगली बाजू वाया गेलेली मी न्यायालयात पाहिली आहे.

भाव एकाच पेढीवर ठरवू नये, निदान तीन ठिकाणी लेखी घ्यावा. अठरा कॅरेट म्हणजे पंचाहत्तर टक्के सोने. तेवढ्या सोन्याचा त्या दिवशीचा भाव आणि हिऱ्याची किंमत वेगवेगळी लिहून मागावी. घडणावळ परत मिळत नाही, आणि हिऱ्याची फेरविक्री सोन्यासारखी होत नाही, म्हणून दोन लाख दहा हजार हा आकडा ऐकून फसवणूक झाली असे लगेच समजू नये. हिरा कोंदणातून काढायचा असेल तर आपल्यासमोर काढावा आणि वजन करून घ्यावे. पैसे बँकेतूनच घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे, दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो, आणि रक्कम दोन दिवसांत विभागून घेतल्याने त्यातून सुटका होत नाही. पॅन द्यावा लागेल. आपण दागिन्यांच्या व्यापारात नसल्याने या विक्रीवर आपल्याला जीएसटी लागत नाही.

दागिने ही भांडवली मालमत्ता असल्याने नफ्यावर कर असतो, आणि चोवीस महिन्यांपेक्षा अधिक काळ जवळ असलेल्या दागिन्यांवर तो साडेबारा टक्के आहे. भेट मिळालेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणून देणाऱ्याने मोजलेली किंमत धरली जाते. आपल्या आकड्यांप्रमाणे दीड लाखाचा दीर्घकालीन भांडवली तोटा होतो, तेव्हा कर लागणार नाही. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो तोटा पुढची आठ वर्षे अन्य दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्यासाठी २०१६ च्या किमतीचा पुरावा लागेल, आणि तो माजी पतींच्या निरोपांतही सापडू शकतो. त्यांनी कुठे रक्कम लिहिली असेल तर ती जपून ठेवावी.

मुस्लिम विवाह असता तर १९८६ च्या मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांविषयीच्या अधिनियमाचे कलम ३ पाहावे लागले असते, आणि गोव्यात विवाह झालेल्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लागू धरू नये, कारण तिथे पतिपत्नींच्या मालमत्तेच्या सामाईकतेची वेगळी व्यवस्था चालते.

रक्कम मुलीच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याचा आपला विचार असेल तर तो चांगला आहे. ती अज्ञान असेपर्यंत त्या ठेवीचे व्याज, विवाह संपलेला असल्याने, तिचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या, म्हणजे आपल्याच उत्पन्नात मिळवले जाईल. विवरणपत्र भरताना ते दाखवायचे राहू देऊ नये.