टायर खाणारी जुनी पिकअप: दुरुस्त करावी की काढून टाकावी?

दिंडोरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. २०१४ ची पिकअप, कर्ज कधीच फिटलंय. ऑगस्ट ते डिसेंबर टोमॅटो, मग एप्रिलपर्यंत द्राक्षं. गिरणारे, पिंपळगावचे बाजार, आणि आठवड्यातून एकदा वाशी. वर्षभरात तीनदा व्हील अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते आणि पुढचे टायर आतल्या बाजूने खाते. एक मिस्त्री म्हणतो चेसिस (गाडीचा सांगाडा) वाकली, विका. दुसरा २८ हजारांत किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), बुश (सांध्यांतली झिजणारी नळी) आणि पाट्यांचं (चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांचं) काम सांगतो. डीलर जुन्या गाडीचे २ लाख २० हजार देतोय. मुलीच्या शिक्षणाची दीड लाखाची एफडी मोडायची आणि वर ८ लाखांचं कर्ज काढायचं, असा त्यांचा विचार आहे.

नमस्कार भाऊ,

पैशांचं नंतर बोलू. टायरच्या आतल्या कडेला तार दिसायला लागलीय असं तुम्ही लिहिलंय. त्या टायरवर भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरू नका. वाशीची भाडी तेवढे दिवस दुसऱ्याला द्या.

आता हिशेब. तुम्ही दिलेले आकडे मी नुसते एकाखाली एक मांडले. पुढच्या टायरच्या दोन जोड्या, २६ हजार. तीन अलाइनमेंट, २,१००. गाडी उभी राहिली म्हणून बुडालेली सहा भाडी, १५ हजार. वर्षाचे ४३,१०० झाले, म्हणजे महिन्याला साधारण ३,६००. हा खर्च डोक्यात बसलाय, कारण तो सारखा आणि चिडचिड करत होतो. आता ८ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं धरा: हप्ता जवळपास १७,४००, आणि व्याजच २ लाख ४३ हजारांच्या वर. ३,६०० च्या त्रासातून सुटायला १७,४०० चा हप्ता. आणि जून-जुलैत, जेव्हा तुमच्या हातात महिन्याला जेमतेम १२ हजार पडतात, तेव्हाही तो तेवढाच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नका. तीन वेळा पैसे गेले ते अलाइनमेंटवर. दोष शोधायला अजून कोणी बसलेलंच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वडिलांचा द्राक्षांचा टेम्पो होता. एका गॅरेजवाल्याने आम्हाला लागोपाठ तीन टायर बदलायला लावले. शेवटी एका म्हाताऱ्या पाटेवाल्याने दोन्ही बाजूंना टेप लावला: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. एका बाजूला पाऊण इंच कमी. पाट्यांना मधून धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता, यू बोल्ट सैल होते, आणि अख्खा अ‍ॅक्सल पाट्यावर मागे सरकला होता. पुढची दोन चाकं एकमेकांशी सरळ होती, म्हणून अलाइनमेंटमध्ये दरवेळी सगळं ठीक दिसायचं. गाडी मात्र रस्त्यावर तिरकी चालायची. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत, टेप गुंडाळून परत दिला.

तुमच्या पिकअपला पुढेही पाटेच आहेत, म्हणून हे माप तुम्ही पहिलं घ्या. सपाट जागा, स्टिअरिंग अगदी सरळ, गाडी रिकामी. मग पुढचं चाक जॅकवर उचला. वरून-खालून धरून हलवलं आणि खटखट झाली, तर किंगपिन किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून खेळ लागला, तर टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे). टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो (दोन्ही चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते) बिघडलाय. पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे, गाडीचा नाही. हे बदलणं जवळच्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीनेच करा.

अलाइनमेंटवाल्याने छापून दिलेले तिन्ही कागद असतील तर काढा. 'आधी'चा टो दरवेळी वेगळाच निघत असेल, तर कुठलातरी जॉइंट झिजलाय, सेटिंग टिकतच नाही. 'नंतर'चे आकडे तिन्ही वेळा बरोबर असून टायर खात असतील, तर अ‍ॅक्सल, पाटे आणि चेसिस तपासा. अशा पुढच्या अ‍ॅक्सलला टो तेवढा फिरवता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे-पुढे कल) अ‍ॅक्सलच्या आकारावर आणि पाट्यांवर ठरतात. बसलेले पाटे तसेच ठेवून कितीही टो फिरवला तरी पैसे वायाच.

आणि एक, रागावू नका. कॅरेट किती भरता ते तुम्ही लिहिलं नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त भरत असाल तर नवी गाडीही दोन वर्षांत हेच करील. शिवाय पकडलं तर कायद्याने दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

मिस्त्रीचे २८ हजार महाग वाटतात, पण दोष तोच निघाला तर सध्याची गळती थांबून आठेक महिन्यांत वसूल होतात. काम या क्रमाने करून घ्या: आधी झिजलेले भाग आणि पाटे, मग अलाइनमेंट, नवे टायर सगळ्यात शेवटी. चार-पाच भरलेल्या फेऱ्यांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी काढावंच लागतं, त्यामुळे स्टिअरिंगचा खेळ काढलात तर ते पैसे तिथेही कामी येतात.

मर्यादा आत्ताच ठरवा: ३५ हजार. चेसिसला पाट्याच्या हँगरजवळ (पाटा टांगलेल्या जागी) चीर निघाली किंवा ती खरंच वाकलेली असेल, तर एक रुपयाही घालू नका, विका. घेणाऱ्याला मात्र दोष सांगूनच विका. तोही घाटातूनच जाणार आहे.

नव्या गाडीचं व्याज आणि घसारा करातून वजा होईल, असं डीलरने सांगितलंय. तुम्ही गाडीमागे ठोक उत्पन्न दाखवून रिटर्न भरता. त्यात १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात आणि व्याज-घसारा त्यातच धरलेला असतो. वेगळं काही वजा होत नाही.

एफडीला हात लावू नका. नवी गाडी कधीतरी घ्यावी लागेलच, म्हणून ऑगस्ट ते एप्रिल दरमहा १२ हजार वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला १ लाख ८ हजार. दुसऱ्या हंगामातल्या डिसेंबरपर्यंत दीड लाखाच्या पुढे. मध्येच इंजिनाचं काम निघालं तर त्यालाही हेच पैसे. आणि भरल्या हंगामात १२ हजार बाजूला पडत नसतील, तर पावसाळ्यातला १७,४०० चा हप्ता कुठून भरणार होतात, हे घरच्यांशी बसून बोला.

दोन्ही बाजूंचं माप आणि त्या तीन कागदांचे फोटो पाठवा. मग २८ हजारांतलं कुठलं काम लागेल आणि कुठलं नाही, ते मिस्त्रीशी बोलताना काय विचारायचं हे मी लिहून देतो.