‘मैत्रीण घेईल ते कॉलेज’: बारावीनंतरचा एक समुपदेशन अनुभव

“मॅडम, हिचं पुढचं सगळं अडून बसलंय. दिवसभर जुने फोटो बघते, रात्री दोनपर्यंत ग्रुपवर असते, मध्येच रडते. फॉर्मचा विषय काढला की ‘बघू’. फार मागे लागलं तर एकच उत्तर, मैत्रीण घेईल ते कॉलेज.”

बारावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही समुपदेशकाकडे ही तक्रार थोड्याफार फरकाने येते. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने ती मांडली तशी इथे दिली आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अशा तक्रारीत पालकांच्या दोन भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. मुलगी नैराश्यात तर गेली नाही ना, ही एक. प्रवेशाच्या तारखा हातातून जातील, ही दुसरी. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करायच्या.

पहिलीसाठी साधे प्रश्न पुरतात. दोन आठवडे जवळपास रोज उदास आहे का? जेवण तुटलंय का? आंघोळ, केस विंचरणं यांचाही कंटाळा येतो का? जिच्यासाठी रडते त्या मैत्रिणींनाही भेटायचं टाळते का? आवडत्या वस्तू वाटून टाकतेय का, ‘कशाला जगायचं’ अशा अर्थाचं काही बोलते का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर प्रवेशाचा विषय पूर्ण बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. या मुलीचं तसं काही नव्हतं. मैत्रिणी आल्या की हसायची, पोटभर जेवायची, त्या घरी गेल्या की गप्प व्हायची. याला आजार म्हणत नाहीत. दोन वर्षं रोज सोबत असलेली माणसं पांगणार याचं ते दुःख होतं, आणि ते खरं होतं.

घरात मात्र त्या दुःखाला जागाच मिळत नव्हती. “झालं ते झालं, आता पुढचं बघ,” हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात बोललं जातं आणि त्याने नेमकं उलटं होतं. मुलीला वाटतं, पुढचं बघायचं म्हणजे मागचं टाकून द्यायचं. मग फॉर्म भरणं हीच मैत्रिणींशी गद्दारी वाटू लागते, आणि फॉर्म अडतो. आईला दोन गोष्टी सांगितल्या. जेवताना ‘काय ठरवलंस?’ हा प्रश्न बंद. प्रवेशाचं बोलणं आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. आणि फोटो बघायला मनाई करायची नाही, फक्त वेळ हलवायची: संध्याकाळी अर्धा तास, हॉलमध्ये बसून. अंथरुणात रात्री बघितलं की झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेत तेच दुःख दुप्पट वाटतं.

वडिलांच्या डोक्यात वेगळाच उपाय होता. मैत्रिणीला ज्या इंजिनीअरिंग कॉलेजात मिळेल तिथे हिला मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाकायचं, म्हणजे रडणं थांबेल. हे प्रेमापोटी होतं, पण हिशेब तपासला नव्हता. कुटुंब इतर मागास वर्गातलं, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. अशा मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही. चार वर्षांची फी खिशातून, तीही मुलीने स्वतः न निवडलेल्या शाखेसाठी. आकडे कागदावर मांडल्यावर वडील स्वतःच थांबले.

मुलगी एकटी बसली तेव्हा तिच्याशी कॉलेजबद्दल बोलणं काढलंच नाही. अशा वेळी अनेक जण लगेच कलचाचणी करून घेतात. माझं स्पष्ट मत आहे की निरोप समारंभानंतरचे दोन-तीन आठवडे ती करू नये. मन उदास असताना आवडीच्या प्रश्नांना मुलं सरसकट ‘ठीक’ असं उत्तर देतात, आलेख सपाट येतो आणि ‘हिला कशातच रस नाही’ असा शिक्का बसतो. त्याऐवजी तिला आठवणींवरच काम दिलं.

पद्धत अशी. ए-फोर कागद आडवा धरायचा, चार रकाने आखायचे: प्रसंग, सोबत कोण होतं, मी नेमकं काय करत होते, संपल्यावर कसं वाटलं. बारा प्रसंग लिहायचे. त्यातले किमान चार त्या ग्रुपशिवायचे आणि दोन तरी न आवडलेले हवेत, नाहीतर फक्त सहली आणि वाढदिवसच येतात. पहिली दहा मिनिटं फोन लांब ठेवायचा, कारण फोटो जे टिपतो तेवढंच आठवू लागतं. नंतर गॅलरी उघडून राहिलेलं भरायचं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात ‘मजा केली’, ‘धमाल आली’ चालत नाही. हाताने, डोक्याने, तोंडाने काय केलं ते लिहायचं.

तिच्या तिसऱ्या रकान्यात पहिल्या वेळी सात ठिकाणी ‘गप्पा’ होतं. ते खोडून पुन्हा लिहायला सांगितल्यावर वेगळंच दिसायला लागलं. गॅदरिंगच्या वेळी तुळशीबागेतून आणायच्या दागिन्यांची यादी आणि खर्च तिने ठेवला होता. वर्गाच्या क्रिकेट सामन्यात स्कोअर लिहिला होता, आणि नंतर कोणाची सरासरी किती हे न विचारता काढून ग्रुपवर टाकलं होतं. शेजारच्या लहान मुलाला शेकडेवारी शिकवली होती. सिंहगडावरच्या सहलीचा तर तिच्या फोनमध्ये बिलाचा फोटोच होता. पाठकोऱ्या कागदावर सात जणींचा हिशेब: पिठलं-भाकरी सगळ्यांची, कांदाभजी पाच जणींत, मटक्यातलं दही चौघींनी घेतलेलं. प्रत्येकीच्या नावापुढे वेगळी रक्कम, येतानाच्या जीपचं भाडं आधी एकीने दिलेलं, म्हणून तिच्या नावापुढे वजाचं चिन्ह. खाली बेरीज जुळल्याची छोटी बरोबरची खूण. “सातने भागून टाकायचं ना सरळ,” असं म्हटल्यावर ती पटकन म्हणाली, “असं कसं? जिने दही खाल्लंच नाही तिने का द्यायचं?”

याच मुलीने आल्या आल्या सांगितलं होतं की गणित तिला अजिबात जमत नाही. खोदून विचारल्यावर कळलं की न जमणारी गोष्ट म्हणजे सीईटीचा, इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, गणिताचा पेपर. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असल्याने घाईची चूक महागात पडते. जिला प्रत्येक पायरी तपासून बघायची सवय आहे ती तिथे मागे पडते, आणि वर्षभराच्या सराव परीक्षांनंतर ‘मला गणितच येत नाही’ असं धरून बसते. हा गोंधळ विज्ञान शाखेच्या मुलांत फार मोठा आहे. विषय नावडता आहे की परीक्षेचा वेग नावडता आहे, हे विचारल्याशिवाय कोणाचाही विषय सोडायला लावू नये.

एका तक्त्यावरून करिअर ठरत नाही, हेही तिला तिथेच सांगितलं. तिच्या बारा प्रसंगांत फिजिक्सचा एकही नव्हता. पण ज्या कॉलेजात प्रात्यक्षिकं परीक्षेच्या तोंडावर उरकली जातात तिथल्या मुलीला फिजिक्सची आठवण येणार कुठून? म्हणून तक्त्यातून फक्त तपासायचे पर्याय काढायचे. तिचे तीन निघाले: संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी, अर्थशास्त्र घेऊन बीए, आणि इंजिनीअरिंग आधीपासून होतंच. प्रत्येकासाठी दोन कामं दिली. एक, पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि एक जुनी प्रश्नपत्रिका मिळवून प्रत्यक्ष वाचायची, नुसतं विषयाचं नाव नाही. दोन, त्या शाखेत दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोणाला तरी भेटायचं आणि ‘कसं आहे?’ असं न विचारता ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंस?’ असं विचारायचं. ‘कसं आहे’ला ‘मस्त’ एवढंच उत्तर येतं. मंगळवार विचारला की लेक्चर किती, प्रॅक्टिकल किती, सबमिशन कधी, बसमध्ये किती वेळ गेला, सगळं बाहेर येतं. संख्याशास्त्राच्या मुलाने तिला आपली प्रॅक्टिकलची वही दाखवली, आणि ती पुढचा अर्धा तास त्यातली उदाहरणं वाचत बसली.

आता ‘मैत्रीण घेईल ते कॉलेज’. यावर उपदेश करून उपयोग नसतो, प्रक्रिया समजावून सांगितली की पुरतं. कॅपमध्ये जागा गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि भरलेला पसंतीक्रम यांवर मिळते. दोघींच्या पर्सेंटाइलमध्ये आणि प्रवर्गात फरक असेल तर एकच कॉलेज मिळणं त्यांच्या हातात नाही, कितीही शपथा घेतल्या तरी. मिळालंच तर शाखा वेगळी, तुकडी वेगळी, प्रॅक्टिकलची बॅच वेगळी, म्हणजे भेट पार्किंगमध्येच. आणि पहिल्या फेरीत पसंतीक्रमातला पहिला पर्याय मिळाला तर तो बंधनकारक होतो, पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. मैत्रिणीखातर एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं, मैत्रिणीला मात्र ते मिळालं नाही, तर ही एकटी तिथे अडकणार. हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तिनेही माझ्यासाठी भरू नये.” दोघींनी एकमेकींना तसं सांगितलं, आणि त्या दिवसापासून फॉर्म पुढे सरकला.

कागदपत्रांचं काम मात्र दुःख ओसरायची वाट बघत नाही, म्हणून ते पालकांनी आपल्याकडे घ्यायचं. या घरात नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे उत्पन्नमर्यादेत असल्याचा, दाखला ‘आहे की’ म्हणून फाइलमध्ये होता, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली होती. नवा काढायला आधी उत्पन्नाचे पुरावे गोळा करा, मग सेतू केंद्र, मग वाट बघा. निकालानंतर तिथे गर्दी उसळते. जातवैधता प्रमाणपत्राला तर महिने लागू शकतात, त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. आणखी एक गोष्ट पुण्यात दरवर्षी अडते ती मूळ एलसीची, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची. बीएस्सीचे प्रवेश फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न अशी कॉलेजं आपापल्या वेळापत्रकाने देतात, कॅप मागून चालू असतं. एलसी एकीकडे जमा केला की दुसरीकडे मूळ प्रत मागतात. म्हणून जमा करण्याआधी चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवायच्या, आणि प्रवेश रद्द करायचा झाल्यास फी किती परत मिळते व ती कोणत्या तारखेपर्यंत, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यायचं. निकालानंतर ‘लॉ करू का?’ असं सुचणारी मुलंही बरीच असतात. त्यांना सांगावं लागतं की पाच वर्षांच्या लॉ सीईटीचे अर्ज निकालाच्या बरेच आधी भरून झालेले असतात.

फोटोंचं काय केलं, तेही सांगते. हजारभर फोटोंतून तिने तीस निवडले, साध्या आकारात छापून घेतले आणि प्रत्येकामागे ठिकाण, महिना आणि त्या दिवशी कोण काय बोललं होतं अशी एक ओळ लिहिली. बाकीचे पाचही जणींच्या समाईक ड्राइव्हमध्ये गेले. निवडायला बसलं की मन एकेका प्रसंगाशी थांबतं आणि मग पुढे जातं, नुसतं स्क्रोल करताना ते होत नाही. सोबत दोन चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या: एक आवडत्या शिक्षकांना, एक अशा व्यक्तीला जिचे आभार कोणी मानत नाही. तिने दुसरी प्रयोगशाळेतल्या मामांना दिली.

सीईटीच्या निकालानंतर तिने स्वतः पसंतीक्रम लावला, नेट कॅफेवाल्याला लावू दिला नाही. दुसऱ्या फेरीत तिला इलेक्ट्रॉनिक्सची एक जागा मिळाली, मैत्रिणीला आकुर्डीकडे आयटी. तोवर संख्याशास्त्र असलेल्या बीएस्सीत हिचा प्रवेश झाला होता. दोन्ही अभ्यासक्रम, दोन्ही प्रवासाचे वेळ, दोन्ही खर्च एका कागदावर मांडून तिने बीएस्सी कायम केली. वडिलांना हे पचायला वेळ लागला. ‘पुढे काय?’ या त्यांच्या प्रश्नाला मात्र तिच्याकडे या वेळी उत्तर होतं: एमएस्सी, विमा क्षेत्रातल्या ॲक्च्युरिअल परीक्षा, डेटाची कामं, आणि यातलं कोणतं ते दुसऱ्या वर्षानंतर.

ग्रुपचं म्हणाल तर पाच जणींनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायचं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये जमलं, गणपतीत जमलं, नंतर सबमिशन आणि परीक्षा आडव्या आल्या आणि मोडलं. अशा वेळी मुलं ‘मैत्रीच संपली’ असं समजतात, म्हणून हे घडणार याची कल्पना आधीच द्यावी. त्यांनी भेटीऐवजी रविवारी रात्री नऊला वीस मिनिटांचा कॉल ठेवला. त्यात दोघी नियमित असतात, तिसरी अधूनमधून, एक नाशिकला गेली ती फक्त वाढदिवसाला. दोन वर्षांच्या ग्रुपमधून इतकं टिकणं चांगलंच आहे, आणि आईनेही आता त्या कॉलच्या वेळी हिला हाक मारायची नाही असं ठरवलं आहे.