आपातकालीन नव्हे! आणि थोडे 'आणी'विषयी

प्रश्न असा आहे: इंजिन बंद पडून छोटे विमान भर शहरात उतरवावे लागले, तर त्याला 'आपातकालीन लँडिंग' म्हणावे की 'आपत्कालीन'? आणि अस्सल मराठी शब्द कोणता?

आपत्कालीन. आपद् अधिक काल, विषय संपला. 'आपात' वेगळ्या धातूचा. पत् म्हणजे पडणे. हिंदीत तो रुळला आहे, खुशाल नांदो. आपण मात्र उसना आणून चॅनेलांच्या पट्ट्यांवर मिरवतो. ज्या विमानाने पडू नये म्हणून वैमानिक जिवाचे रान करतो, त्याच्या उतरण्याला 'पडण्याच्या वेळचे' म्हणायचे! आपल्या एसटीत लिहिलेले असते, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. त्यात काय कमी आहे?

त्याहून डोके फिरते ते सरसकट 'विमान कोसळले' ऐकून. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येत नाही. सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान हजार फुटांवरून, वारा नसेल तर, साधारण नऊ हजार फूट तरंगत जाते. म्हणजे पावणेतीन किलोमीटर. तेवढ्यात मैदान नाहीतर मोकळा रस्ता हेरायचा. घाटकोपरला २८ जून २०१८ रोजी झाले ते कोसळणे; पाच जीव गेले. लॉस एंजेलिसमध्ये ५ मार्च २०१५ रोजी नट हॅरिसन फोर्डने केले ते उतरवणे. विमान १९४२ सालचे, रायन कंपनीचे. सँटा मोनिकाहून उडताच इंजिनाने दगा दिला, धावपट्टीपर्यंत परत पोचणे जमेना. झाडाच्या शेंड्याला धडकून विमान पेनमार गोल्फच्या मैदानात आले. फोर्ड जबर जखमी झाला, पण वाचला, आणि खाली कुणाला खरचटलेही नाही.

आता खरा शब्द: आणीबाणी. हा शब्द १९७५ साली जन्मला असे समजणारे लोक मला भेटतात. त्यांना हात जोडावेत. तो फार जुना आहे, आणि संविधानाच्या मराठी पाठातही 'आणीबाणीसंबंधी तरतुदी' असेच आहे (हिंदीत तिथे 'आपात').

यातला 'आणी' कोण? माझ्या मते संस्कृत 'आणि', म्हणजे रथाच्या आसाच्या टोकाची खीळ, जिच्यामुळे चाक निसटत नाही. ऋग्वेदातल्या सवितृसूक्तात या खिळीची उपमा आहे. कानडीत आणि तमिळमध्ये आजही 'आणि' म्हणजे खिळा. कैकेयीची गोष्ट आठवा: ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निखळली आणि तिने तिथे आपले बोट घातले. आणीबाणीची वेळ याहून वेगळी काय असते?

यावर व्याकरणवाले लगेच म्हणतात, 'छे, हा आजूबाजूसारखा जोडशब्द. आणी ही नुसती बाणीची सावली.' बरे, मग बाजूला जसा अर्थ आहे तसा बाणीला कोणता, तेवढे सांगा. इथे मंडळींचा घसा बसतो. (माझाही थोडा बसतो, पण मी निदान निम्मा शब्द तरी लावला.)

आणि आता फोर्डचे विमान पुन्हा बघा. तपासात निघाले काय? कार्ब्युरेटरमधला (इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणारा भाग) इंधनाचे माप राखणारा मुख्य जेट, म्हणजे बारीक भोकाची तोटी, आट्यांतून सुटून आपल्या जागेवरून निसटला होता. बोटाच्या पेराएवढीही नसेल अशी चीज! म्हणजे आणीच निखळली की. तिथे बोट घालायला कैकेयी नव्हती, म्हणून गोल्फचे मैदान शोधावे लागले.

हां, तुम्ही शब्द मागितला होता. 'इंजिन बंद, विमान मैदानात उतरवले' असे लिहा. लँडिंग हवेच असेल तर 'आणीबाणीचे लँडिंग'.