आमा-च्यो: गाव, शहर की पेठ?

जपानवरच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका मित्राचा प्रश्न: ओकी बेटांतल्या 'आमा'पुढे इंग्रजीत 'टाउन' लावतात, त्याला मराठीत शहर म्हणू, नगर म्हणू की नगरपंचायत?

'शहर' तर नकोच. जपानच्या समुद्रातलं नाकानोशिमा हे अख्खं बेट म्हणजे आमा. क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम २,३००. भातखाचरं, डोंगर, मासेमारांच्या वस्त्या, सगळं एकाच पालिकेत. शहर म्हटलं की वाचकाला रिक्षा दिसायला लागतात.

मूळ शब्द 'च्यो'. 'चो' लिहिलंत तर आपण 'चोर'मधला च वाचणार, आणि 'आमाचो' बघून मालवणी माणूस 'आमचो' म्हणून मोकळा होईल. हेच चित्राक्षर काही ठिकाणी 'माची' असं वाचतात, उदाहरणार्थ टोकियोच्या हद्दीतलं हाचिजो-माची. (राजगडाच्या माच्यांशी नातं नाही, शोधू नका.)

खरी गंमत पुढे आहे. टोकियोत जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेलं जिंबोच्यो आहे ना, त्यातलाही च्यो हाच. पण तिथे तो शहराचा एक भाग. म्हणजे आपली पेठ! पुण्यात सदाशिव पेठ हा शहराचा तुकडा, तर नाशिक जिल्ह्यात पेठ हे गावच. अर्थाच्या दोन्ही टोकांना पुरणारा याहून जवळचा शब्द मला तरी सुचत नाही. तरीही आमाला पेठ म्हणवत नाही. पेठ म्हटलं की बाजार आला.

'नगरपंचायत' म्हणजे आपल्याकडे शहर होऊ घातलेलं गाव. आमा १९६९ साली 'मुरा'चं, म्हणजे खेड्याचं, च्यो झालं खरं, पण माणसं तेव्हाही बेट सोडतच होती. शेजारचं चिबु अजून मुराच आहे, आणि कायद्याने दोघांचे अधिकार जवळपास सारखे. प्रमुखाला दोन्हीकडे लोक थेट निवडतात, चार वर्षांसाठी. च्योचा प्रमुख तो 'च्योच्यो'. फुलपाखरालाही जपानीत च्योच्योच म्हणतात!

आणि ओकी 'गुन'चा, म्हणजे च्यो आणि मुरा यांच्या गटाचा, तालुका करू नका. गुनच्या कचेऱ्या १९२६ सालीच बंद झाल्या. आता ते नाव पत्त्यापुरतं.

माझं मत: पहिल्यांदा 'आमा-च्यो' लिहा, पुढे वर्णनात 'आमा गाव', आणि कारभाराचा विषय निघेल तिथे 'आमा पालिका'.