पीएस४ या गेम कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची केबल लावायची जागा) भावाने घरीच सोल्डर केला, बोर्डावरचे पॅड (पिना जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडले. नाशकात दुरुस्त होईल का?

बहुधा होईल, पण आता सोल्डर गन खाली ठेवा. भावाला फार बोलू नका. या बोर्डावर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, त्यात बोर्डातले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात. २५ वॅटच्या गनला ते झेपत नाही. मग माणूस पोर्ट ओढतो आणि पॅड सोबत येतात.

एचडीएमआयला १९ पिना. उखडलेला प्रत्येक पॅड पुढे कुठे जातो ते शोधून केसाएवढी एनॅमलचा लेप असलेली तार, म्हणजे जंपर, जोडायची, तीही मायक्रोस्कोपखाली. तोवर कन्सोल चालू करून बघू नका. १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट असतात. ती शेजारच्या पिनेला भिडली तर एचडीएमआयची आयसी, म्हणजे चिपही जाऊ शकते, मग खर्च वाढलाच.

एम. जी. रोडला मोबाइलवाले पुष्कळ. "मायक्रोस्कोप आहे का, जंपर टाकता का?" एवढंच विचारा. "ठेवून जा, बघतो" असं उत्तर आलं तर पुढचं दुकान गाठा. आणि हो, सुटलेले बारीक तुकडे फेकले नसतील तर डबीत घालून न्या, त्यात पोर्टामागचे फिल्टरही असू शकतात.