नवीन म्हणण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आंबोलीत गव्याच्या शेणाचे आमिष लावलेल्या सापळ्यात पडलेले ते चार शेणकिडे ऑन्थोफॅगस या जीनसमधले, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका गटातले आहेत, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. ते नवीन प्रजातीचे आहेत या म्हणण्यावर मात्र मी आज होय किंवा नाही, काहीच लिहिणार नाही, कारण ते फोटोवरून सांगता येत नाही. या एकाच जीनसमध्ये दोन हजारांहून अधिक प्रजातींना नावे मिळालेली आहेत. आपल्याला न ओळखता आलेला भुंगेरा आणि विज्ञानाला ठाऊक नसलेला भुंगेरा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या कामातला बहुतेक वेळ त्या दोहोंमधला फरक तपासण्यातच जातो.

सुरुवात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतल्या, गिल्बर्ट ॲरो यांच्या १९३१ सालच्या खंडापासून कर. त्यातली ‘की’, म्हणजे एकेक लक्षण निवडत नावापर्यंत नेणारी यादी, एकेक पायरीने चालवून पाहा. पण एवढे लक्षात ठेव की ‘की’ शेवटी कुठल्या तरी नावापाशी नेऊन सोडतेच, मग तुझा भुंगेरा तिच्यात असो वा नसो. म्हणून त्या नावाचे सविस्तर वर्णन वाचायचे, १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले निबंध जमवायचे, आणि जवळच्या वाटणाऱ्या प्रत्येक प्रजातीचा होलोटाइप, म्हणजे तिचे नाव ज्या एका नमुन्याला कायमचे बांधलेले असते तो नमुना, कुठे आहे याचा शोध घ्यायचा. जुन्या वर्णनांत होलोटाइप बहुधा ठरवलेलाच नसतो. तिथे मूळ लेखकाने हाताळलेले जे नमुने शिल्लक असतील त्यांवर भागवावे लागते. आपल्याकडच्या भुंगेऱ्यांचे असे पुष्कळ नमुने लंडन आणि पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने अठराव्या शतकात तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून गेलेल्या कितीतरी कीटकांना नावे दिली, त्यामुळे काही धागे थेट कोपनहेगनपर्यंत जातात. संग्रहालयाला पत्र लिहिताना नुसता ‘फोटो पाठवा’ असे लिहू नकोस. डोके, प्रोनोटम (डोक्यामागची पाठीवरची ढाल) आणि शक्य असल्यास नराचे जननांग, असे नेमके मागावे.

आता माझी एक फजिती सांगतो. उमेदवारीच्या काळात मला शिंग नसलेला एक छोटा नर सापडला आणि तो निराळा आहे, असे समजून मी आठ पानांचे वर्णन लिहून काढले. माझ्या गुरुजींनी ते वाचले, कपाटातून त्याच सापळ्यातला लांब शिंगांचा मोठा नर काढला आणि दोघांची जननांगे शेजारीशेजारी ठेवून मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. दोन्ही अगदी एकसारखी होती, म्हणजे प्रजाती एकच. ऑन्थोफॅगसच्या अळीला शेणाचा गोळा अपुरा पडला की नर लहान राहतो आणि त्याचे शिंग नावापुरतेच उरते. तुझ्या दोन नरांपैकी एकाचे शिंग आखूड दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तेव्हा जननांग काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. भुंगेरा गरम पाण्यात मऊ होऊ दे, उदराच्या टोकाशी बारीक चिमट्याने जननांग बाहेर ओढ, सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये त्यावरचे मांस विरघळू दे आणि मग ग्लिसरीनच्या थेंबात ते तिन्ही बाजूंनी पाहा. पाहून झाल्यावर ते त्याच टाचणीवर, त्याच भुंगेऱ्याखाली राहिले पाहिजे. वेगळ्या डबीत ठेवलेले जननांग वर्षभरात कोणाचे ते तुलाही आठवणार नाही.

वर्णनाचा जो मसुदा पाठवलास, त्यात ‘मध्यम आकाराचा, काळसर, चमकदार’ असे लिहिले आहेस. हे शब्द शेकडो शेणकिड्यांना लागू पडतात. लांबी मिलिमीटरमध्ये दे, आणि चारही नमुन्यांची दे. प्रोनोटमवरचे ठिपके, म्हणजे बारीक खळगे, दाट आहेत असे म्हणण्याऐवजी दोन ठिपक्यांमधले अंतर एका ठिपक्याच्या व्यासाच्या किती पट आहे ते लिही. सर्वांत जास्त कष्ट मात्र जवळच्या प्रजातींपासूनचा वेगळेपणा सांगणाऱ्या परिच्छेदावर घे, कारण पुढचा अभ्यासक आधी तोच उघडणार आहे.

चारच नमुन्यांवर थांबू नकोस. वनखात्याची लेखी परवानगी घेऊन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जा. नमुन्याच्या टाचणीवरच्या चिठ्ठीवर नुसते ‘आंबोली’ लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, आमिष आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे.

नावाची घाई तुला फार झालेली दिसते, पण त्याचे नियम थोडे आहेत. ऑन्थोफॅगस पुल्लिंगी आहे, तेव्हा प्रजातीच्या नावासाठी विशेषण वापरलेस तर तेही पुल्लिंगी हवे. आणि एवढ्या मोठ्या जीनसमध्ये तुझ्या मनातले नाव कोणी आधीच वापरलेले असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तेही तपास. स्वतःचे नाव द्यायला नियमांची आडकाठी नाही, पण तसे कोणी करत नाही. निबंध केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंदणी आधी झालेली असावी आणि ती निबंधात छापलेली असावी, नाहीतर नाव ग्राह्य धरले जात नाही. होलोटाइप स्वतःजवळ ठेवायचा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी अशी एक संस्था भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे आणि तिचे पुण्यातले केंद्र आकुर्डीला आहे.

पुढच्या रविवारी दोन्ही नर घेऊन ये, आपण इथेच जननांगे काढू. कुरियरने मात्र पाठवू नकोस. डबीत टाचणी सुटली की सर्वांत आधी शिंगे मोडतात.

तुझे सर